दंडातला बेडूक

मी नर्सिंगच्या मुलींना शरीररचना शिकवते. पुस्तकात 'स्नायू' असतो, तरी दंडाचा धडा आला की मी आमची 'बेटकुळी' फळ्यावर लिहितेच. बेटकुळी म्हणजे छोटासा बेडूक. कोपर वाकवलं की दंडावर टुणकन येऊन बसणारा. युरोपातल्या लोकांना तिथं उंदीर दिसला. 'मसल' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला पिटुकला उंदीरच आहे.

हे मी आबांना, माझ्या वडिलांना, मुद्दाम सांगितलं. शिरोलीच्या फौंड्रीत नोकरी करूनही त्यांनी पहाटेची तालीम कधी चुकवली नव्हती. पुढं त्या तालमीचेच वस्ताद झाले. यंदा स्कूटरवरून पडले, हात मोडला. प्लॅस्टर निघालं तेव्हा उजवा दंड नुसती काठी. तेव्हापासून भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून घरात बसायचे. अंगात शर्ट ठेवून तालमीच्या मातीत उतरायची रीत नाही, मग वस्ताद का असेना. म्हणून त्यांनी तालीमच सोडली. मला राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

"उंदीर?" आबा कडाडले. "उंदराला काय कुस्ती येतीया? बेडूक बघ, दबा धरून बसतोय आणि मग झेप!" मग आवाज खाली आला. "पर माझा बेडूक मेला की गं."

माझी मास्तरकी तेवढी कामाला आली. म्हटलं, "आबा, जुन्या संस्कृतात स्नायू म्हणजे मांस नव्हेच. हाडाला हाड बांधणारी दोरी. धनुष्याची दोरीसुद्धा. तुमचं मांस झडलंय, ते भरून येईल. दोरी शाबूत आहे, मी चाचपून बघितलीय."

"शाबूत हाय?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी पहाटे म्हणाले, "चल, सोड मला तालमीत."

तिथं बायकांनी आत जायचं नसतं, म्हणून मी उंबऱ्याबाहेर थांबले. आतले पैलवान पाया पडायला धावले. आबांनी डाव्या हातानं बटणं काढली, पण उजवी बाही काही निघेना. दोघंतिघं पुढं झाले, त्यांना आबांनी हातानंच थांबवलं आणि माझ्याकडं वळले.

"ये की आत. बाही काढ."

"आबा, मी कशी येऊ?"

"इथला वस्ताद मी हाय. ये."

चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच, चपला काढून, मी त्या तालमीत पाऊल टाकलं आणि सगळ्यांदेखत माझ्या बापाचा दंड उघडा केला.