लॉनच्या बियांचा किल्ला

एकनाथ साने हा माझा इथला, अमेरिकेतल्या कॅरी गावातला शेजारी. इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. सुमित्रावहिनी गेल्यावर घरात तो आणि मुलगी आश्लेषा, दोघंच. दर दिवाळीला मागच्या अंगणात दोघं मातीचा किल्ला करायचे. इथली माती लाल, त्यामुळे किल्ला दिसायचाही झकास.

चार वर्षांपूर्वी, आश्लेषा इंग्लंडला शिकायला जायच्या आधीच्या दिवाळीत, दुकानात हळीव मिळाले नाहीत. या गृहस्थानं किल्ल्यावर चक्क लॉनचं बी पेरलं! हळीव आठवड्याभरात माना टाकतात. हे गवत मुळं धरून बसलं. पाऊस झाले, बर्फ पडलं, किल्ला तसाच. लेक गेल्यावर तो मोडायला याचा हात धजेना.

तिकडे आश्लेषाला उत्खननाचं काम मिळालं तेही एका हजारेक वर्षं जुन्या नॉर्मन किल्ल्यावर. तिथे दगड एकही नाही, नुसता गवत उगवलेला मातीचा उंचवटा आणि भोवती खंदक.

"बाबा, सेम आपल्यासारखा, फक्त मोठा! प्रोटेक्टेड आहे. परमिशनशिवाय कुदळ लावता येत नाही."

हे त्याच्याकडून ऐकून ऐकून माझे कान किटले.

इथल्या घरमालकांच्या असोसिएशनच्या डोळ्यांत मात्र त्याचा किल्ला खुपायला लागला. सपाट करा, म्हणाले. कुणापुढे न वाकणारा एकनाथ त्यांच्यासमोर हात जोडून आला. मुलगी दिवाळीला येतेय, तिला एकदा पाहू दे, म्हणाला. तेवढी मुदत मिळाली.

वसुबारसेला तिचा फोन आला. "सॉरी बाबा, तिकीट कॅन्सल केलं. साइट सोडून निघताच येत नाहीये. समरला नक्की."

मला तिचा राग आला. त्याला आला नाही, याचाही आला.

भाऊबीज झाली आणि शनिवारी त्यानं फावडं घेतलं. मी मदतीला गेलो, तर म्हणाला, "तू बस रे." मुळांनी माती अशी धरली होती की त्याला घाम फुटला. आतून रंग उडालेला एक मावळा निघाला. तो त्यानं खिशात टाकला. जमीन सपाट झाली, आणि मला एकदम भडभडून आलं.

तेवढ्यात आश्लेषाचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं फोन अगदी तोंडाजवळ धरला, मागचं काही दिसू नये असा.

"बाबा, आपला किल्ला आहे ना अजून?"

"आहे ना. तुझ्या तिथल्यासारखाच प्रोटेक्टेड. कुणी हात लावत नाही."

"प्लीज, दाखव ना!"

"उन्हात नीट दिसत नाही गं," एकनाथ म्हणाला. "आलीस की बघ."