पंधरा दोऱ्यांची जागा

“आधी तुकडे पाडा, मग घाबरा.” बाई हे दिवसातून निदान चार वेळा तरी म्हणायच्या. फळ्यावर पाच-सहा बाजूंची एखादी वेडीवाकडी आकृती काढायच्या, आणि हातावरचा खडू झटकून मागं सरायच्या. सहावीच्या वर्गातली चोवीस मुलं घाबरून एकमेकांच्या वह्यांत डोकवायची. आयताचं क्षेत्रफळ येतं, त्रिकोणाचं येतं, पण हे कुत्र्यानं कुरतडलेल्या पायपुसण्यासारखं काय आहे, याचं कसं काढायचं? तेव्हा बाई ते वाक्य म्हणायच्या. मग एखादी मुलगी उठून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढायची, कुणीतरी दुसरी ओढायचा, आणि बघता बघता त्या भुताचे तीन-चार साधेभोळे त्रिकोण व्हायचे. प्रत्येकाचा पाया मोजा, उंची मोजा, गुणाकाराचं अर्धं करा, बेरीज करा. भूत पळालं.

बाई उंचीनं इतक्या बेताच्या होत्या की फळ्याच्या वरच्या निम्म्या भागाला त्यांचा खडू कधी लागलाच नाही. तो भाग अजून नवा दिसतो. त्यांच्या टेबलावर दोन वस्तू कायम असत. एक त्यांच्या वडिलांचा गुण्या, म्हणजे गवंडी कोपरा काटकोनात आहे का ते बघतात ते लोखंडी हत्यार. दुसरी चार पट्ट्या खिळ्यांनी सैल जोडून केलेली चौकट. ती सरळ धरली की आत भूगोलाचं पुस्तक नेमकं बसायचं. मग बाई एक कोपरा धरून चौकट कलती करायच्या आणि पुस्तक अडायचं. पट्ट्या कमी झाल्या का, असं त्या विचारायच्या. मुलं एका सुरात नाही म्हणायची. मग पुस्तक का बसत नाही? यावर अख्खा तास जायचा. घाई हा शब्द बाईंना माहीत नव्हता.

बाई राहायच्या भावाच्या घरी. वडील बांधकामावरून पडून गेले तेव्हा दादा चौदा वर्षांचा होता आणि ही चार. दादानं शाळा सोडली आणि जागा मोजायची दोरी खांद्यावर घेतली. त्या दोरीवर त्यानं बहिणीला शिकवलं, तिची वेणी घालायलाही तोच शिकला. दोरीला दर हातावर एक गाठ होती आणि ओलीनं आटू नये म्हणून तो तिला दर आठवड्याला मेण लावी. वस्तीत दोन घरांत कुंपणावरून जुंपली की दादाला बोलावणं जायचं. तो समोरासमोरच्या दोन बाजू मोजायचा आणि बेरजेचं अर्धं करायचा, उरलेल्या दोन बाजूंचंही तसंच, आणि मग त्या दोन आकड्यांचा गुणाकार. हा हिशेब त्याला त्याच्या उस्तादानं दिला होता. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या आकड्यावर कुणी शंका घेतली नाही. दादानं मोजलं, एवढं म्हटलं की भांडण संपायचं.

त्या वर्षी दवाखान्याचा रस्ता रुंद व्हायचा होता आणि मध्ये आली धुणेवाल्या मावशीची वाळवणाची जागा. दवाखान्याच्या सगळ्या चादरी मावशी धुवायची. तिची जागा चाळीस हात लांब आणि तीस हात रुंद, चारी कोपरे सरळ. तिच्यात चाळीस हातांच्या पंधरा दोऱ्या, दोन दोऱ्यांत दोन हातांचं अंतर, म्हणजे वाऱ्यानं ओल्या चादरी एकमेकींना चिकटत नाहीत. पंधरा दोऱ्या भरल्या की दवाखान्याचं काम पुरं व्हायचं. एक जरी कमी पडली तरी ते काम दुसऱ्याकडे जायला वेळ लागणार नव्हता.

वस्तीच्या समितीनं ठरवलं, मावशीला तेवढीच जागा दुसरीकडे द्यायची. ती नेमून द्यायचं काम अर्थातच दादाकडे आलं. त्यानं जीव लावून केलं. नव्या जागेच्या एका बाजूला रस्ता, समोर नाला, आणि तिसऱ्या बाजूला गोदामाची भिंत, रस्त्यापासून नाल्याकडे तिरकी गेलेली. भिंत मोजली तर बरोबर तीस हात. दादा खूश झाला. रस्त्याकडेनं चाळीस घेतले, नाल्याकडेनं चाळीस, आणि चौथी बाजू भिंतीच्याच कलानं पुन्हा तीस. बाराशे चौरस हात, जुनी तशीच नवी. शनिवारी मावशीचा अंगठा घ्यायचं ठरलं.

गुरुवारी बाई वर्ग घेऊन त्या जागेवर गेल्या. त्यांच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. ताज्या खुंट्या ठोकलेली मोकळी जागा, मुलांना हात चालवायला बरी, आणि भावाचा आकडा मुलांच्या तोंडून आला की तेवढंच कौतुक. मुलांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणून दोन त्रिकोण केले. पाया चाळीस. उंचीसाठी रस्त्याच्या कडेला गुण्या लावून सुतळी सरळ नाल्यापर्यंत नेली. चोवीस हात. चाळीस गुणिले चोवीस, त्याचं अर्धं, चारशे ऐंशी. असे दोन.

नऊशे साठ.

बाई म्हणाल्या, सुतळी ढिली राहिली असेल. दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजायला लावलं. मग सुतळीचं टोक स्वतः धरलं, गुण्या स्वतः लावला. नऊशे साठच. मुलं एकमेकांकडे बघू लागली. त्यांच्यात दादाची मुलगी होती. बारीक अंगाची आणि टोचून बोलणारी, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणत. घरी आत्या आणि शाळेत बाई, हा फरक ती काटेकोर पाळायची.

“बाई,” ती म्हणाली, “मग बाबांचे अडीचशे कुठं गेले?”

“दोनशे चाळीस,” बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. दुरुस्ती कशाची करतोय, हे तेव्हा त्यांना पुरतं कळलं. त्यांनी मुलांना वह्या मिटायला सांगितल्या आणि शनिवारपर्यंत हे कुठं बोलायचं नाही असं बजावलं. आपण मुलांना गप्प बसायला शिकवतोय, हे त्यांना परत येताना रस्ताभर बोचत राहिलं.

संध्याकाळी दादा ओट्यावर बसून दोरीला मेण लावत होता. बाई शेजारी बसल्या.

“दादा, मावशीच्या नव्या जागेची उंची मोजलीस?”

“जागेला कसली उंची? ती काय भिंत आहे?”

“रस्त्यापासून नाल्यापर्यंत. सरळ.”

दादाचा हात थांबला. “चारी बाजू त्याच. दोरी तीच. मोजणारा तोच. मग कमी कुठून होईल, उंदरांनी खाल्ली?”

बाईंनी त्याला चौकटीचं सांगितलं. पट्ट्या त्याच राहतात आणि आतली जागा आकसते, हे त्यांनी बोटांनी करून दाखवलं. दादानं बोटांकडे बघितलंच नाही. तो हळू आवाजात बोलत गेला, आणि तो हळू बोलला की घरात भीती वाटायची. अठ्ठावीस वर्षं त्यानं या हिशेबानं घरं वाटून दिली. तो चुकला असेल तर एक मावशीची जागा चुकली नाही, सगळी वस्ती चुकली. त्या दोरीवर जिनं शाळा केली, तिनंच ती दोरी कापायची का? शनिवारी तिनं शाळेत बसावं, जागेवर येऊ नये. वहिनी दारात येऊन जेवायला बोलवून गेली, कुणी उठलं नाही. टाचणी काही बोलणार होती, तर वहिनीनं तिच्या तोंडावर हात ठेवून तिला आत नेलं.

शुक्रवारी बाईंनी भूमिती काढलीच नाही, कविता घेतली. मुलं कवितेकडे बघत नव्हती, बाईंकडे बघत होती. मधल्या सुट्टीत धुणेवाली मावशी गाठोडं घेऊन शाळेवरून चालली होती, ती फाटकाशी टेकली.

“बाई, तुमच्या भावानं मोजलंय म्हणजे सवालच नाही,” ती म्हणाली. “पण काल जाऊन उभी राहिले, तर डोळ्यांना लहानच दिसते हो. म्हातारी झाले, दुसरं काय.”

बाईंनी तिला सांगितलं नाही. उद्या बघू, एवढंच म्हणाल्या. मावशी गाठोडं सावरत गेली आणि बाई फाटकाची कडी धरून घंटा होईपर्यंत तशाच उभ्या होत्या. नंतर त्या कधीकधी म्हणायच्या की आयुष्यात लाज वाटावी असा तो एकच दिवस. पण त्या उभ्या असतानाच त्यांचं ठरलं होतं. शाळा सुटल्यावर त्या मावशीच्या घरी गेल्या आणि उद्या पंधराही दोऱ्या सोडवून सोबत आण, असा निरोप ठेवून आल्या.

शनिवारी जागेवर समितीची माणसं होती, शाईचा डबा होता आणि पाच-पन्नास बघे. दादा दोरी खांद्यावर टाकून गोदामाच्या भिंतीशी उभा होता. कागद वाचून झाला. मावशीनं शाई लावलेला अंगठा पुढं केला, आणि तेवढ्यात रस्त्यानं बाई आल्या, मागं चोवीस मुलं. दादानं बहिणीकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं. तो विनवत होता.

बाई चुकीचं-बरोबरचं काही बोलल्या नाहीत. समितीच्या अध्यक्षांना त्या इतकंच म्हणाल्या, “अंगठा लावायच्या आधी मावशीला तिच्या दोऱ्या बांधून बघू द्या.”

“आज धुणं वाळत घालायचं का बाई?” अध्यक्ष म्हणाले, आणि लोक हसले.

मावशीनं मात्र अंगठा मागं घेऊन पदराला पुसला. तिला दोऱ्यांची भाषा कळत होती. मुलं जोडीजोडीनं दोरी धरून उभी राहिली, एक भिंतीकडे, एक समोरच्या बाजूला. पहिली दोरी रस्त्याकडेला, मग दोन-दोन हातांवर पुढची. हसणं आठव्या दोरीपर्यंत चाललं. दहाव्या दोरीला लोक गप्प झाले, कारण नाला अगदी जवळ दिसायला लागला होता. बारावी दोरी धरलेल्या मुलीच्या मागं नाल्यापर्यंत जेमतेम दोन हात राहिले. मावशी तीन वेटोळी हातात घेऊन उभी होती. तिनं ती एकदा मोजली, मग जागेकडे बघितलं, मग दादाकडे.

अध्यक्ष पुटपुटले की मुलांनी अंतर जास्त धरलं असेल. तेव्हा दादा भिंतीपासून निघाला. पहिल्या दोरीपाशी वाकला आणि दुसरीपर्यंतचं अंतर आपल्या दोरीनं मोजलं. दोन गाठी. मग पुढचं. एकेक करत तो नाल्यापर्यंत गेला. ऊन कडक होतं, मुलांचे हात भरून आले होते, पण एकानंही दोरी खाली सोडली नाही. बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटच्या दोरीपाशी दादानं आपली दोरी गुंडाळली.

“अंगठा घेऊ नका,” तो म्हणाला. “मी चुकलो.”

मग गलका झाला. आमची वाटणी पण यानंच केली, असं एक जण म्हणाला. दुसऱ्यानं दादाच्या शिक्षणावरून टोमणा मारला. एक ठेकेदार तावातावानं पुढं आला, त्याची जागाही तिरकीच होती. बाई त्याच्या आणि भावाच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं डोकं त्याच्या छातीलाही लागत नव्हतं. ज्याची जागा तिरकी असेल त्याची आम्ही आजपासून मोजून देऊ, असं त्या म्हणाल्या. आता पोरं मोजणार का, असं ठेकेदारानं विचारलं.

“काका,” टाचणी मागून म्हणाली, “परवा उंची तुमच्याच मुलानं काढली. बरोबर काढली.”

त्यावर कुणीतरी हसलं आणि ठेकेदार दोन पावलं मागं गेला.

बाईंनी अध्यक्षांना सांगितलं, रुंदी चोवीसच राहणार, तेव्हा लांबी चाळीसची पन्नास करा, म्हणजे बाराशे भरतील. पलीकडची जमीन समितीचीच पडीक होती. अध्यक्षांनी लोकांकडे बघितलं आणि मान हलवली. दादानं कुणाला न विचारता हातोडा उचलला, दहा हात पुढं जाऊन दोन नव्या खुंट्या ठोकल्या. बहिणीकडे त्यानं बघितलं नाही. मावशीनं उरलेल्या तीन दोऱ्यांचे दहा-दहा हातांचे बारा तुकडे केले आणि बारा दोऱ्यांना एकेक गाठ मारून जोडले. प्रत्येक दोरी पन्नास हातांची झाली. तिनं मग अंगठा लावला.

दादा त्या रात्री जेवला नाही आणि पुढं कितीतरी दिवस बहिणीशी बोलला नाही, पण ते नंतरचं. त्या दुपारी ठेकेदार म्हणाला, मग माझी जागा कधी? अजून ऊन आहे, आत्ताच चला, असं म्हणून बाईंनी गुण्या काखेत मारला. दादा नव्या खुंटीपाशी मातीत बसला होता, हातोडा मांडीवर. बाई त्याच्या शेजारून जाताना क्षणभर थांबल्या. मुलं मागं, ठेकेदार त्यांच्याही मागं, अशा त्या रस्त्यानं गेल्या. मावशी बारा दोऱ्या गोळा करता करता बघत होती. दादाची मान खाली होती. बाई दवाखान्याच्या वळणाशी पोचल्या तेव्हा त्याची मान वर झाली, आणि त्या दिसेनाशा झाल्यावरही तशीच राहिली.