माझा बाप कशानं मेला

खोताच्या अंगणाच्या कडेला आई उभी होती. मी तिचं लुगडं धरून. वर ओटीवर खोत, शेजारी खुर्चीवर कचेरीतला कारकून. शिरगणतीत गावची माणसं आधीपेक्षा कमी भरली होती. नुसत्या आमच्या गावची नव्हेत, रत्नागिरी जिल्हा धरून सगळ्या मुंबई इलाख्याची तीच तऱ्हा. तीन वर्षांमागच्या साथीत मानमोडीच्या तापानं कुठल्या वाडीतली किती माणसं नेली, ते कारकुनाला लिहून न्यायचं होतं.

"महारवाड्यात किती?" त्यानं विचारलं.

आईनं तोंड उघडलं. ती बोलायच्या आत खोत बोलला.

"तिकडे कुठली मानमोडी! मेलेलं ढोर खाल्लं, हगवण लागली, मेले. ह्यांना बघून तापच पळतो."

कारकून हसला. हसत हसतच त्यानं लिहिलं.

आई म्हणाली, "नाय वो रावसाहेब. माझा घोव तापानंच..."

"तुला कुणी विचारलं?" खोत म्हणाला आणि तोंडातलं पान अंगणात थुंकला. ते आईच्या पायावर पडलं. आईनं पाय मागं घेतला नाही. पुसलाही नाही. घरी येईपर्यंत तो लाल पाय बघत मी चालले. सात-आठ वर्षांची असेन.

दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मी ओसरीच्या खाली, उन्हात बसायची. गुरुजी माझी पाटी हातात घेत नसत, लांबून बघत. वरची पोरं ओरडली, "हगवण आली रे, हगवण!" गुरुजींनी ऐकलं. फळ्याकडं वळले. चौथीपर्यंत मला तेच नाव होतं.

खरं काय ते आईनं चुलीपुढं सांगितलं, माझ्याकडं न बघता.

मानमोडीत खोताचा म्हातारा बाप गेला. खोताचे भाऊबंद घरं सोडून रानातल्या मांगरांत राहायला गेले होते. प्रेताला खांदा द्यायला कोणी नाही. प्रेत घरात पडून. मग एका पहाटे खोत स्वतः महारवाड्याच्या दगडी गडग्यापाशी आला. एरवी आमची सावली पडली तर अंघोळ करणारा माणूस. म्हणाला, "चौघं चला. कुठं बोलू नका." पुढं मडकं धरून खोत, मागं तिरडी खांद्यावर घेऊन चार महार. त्यांत माझा बा होता. माझा चुलता होता. आठवड्याच्या आत चौघेही पडले. चुलता तेवढा उठला. मग ताप घराघरांत शिरला.

म्हणून खोताला महारवाड्यात मानमोडी नको होती. होती म्हटलं असतं, तर ती तिथं कुणाच्या खांद्यावरून गेली, हे कुणीतरी विचारलं असतं. बापाच्या प्रेताला महार शिवला हे कळलं असतं, तर भाऊबंदांनी त्याला पंक्तीला घेतला नसता. स्वतःची पंगत राखायला त्यानं माझ्या बापाला हगवणीनं मारला.

मी आईला म्हटलं, "तू बोलली का नाय तितं?"

"भाताचं खाचर त्याचं हाय. तुला काय माती चारू?"

ती खोटं बोलत नव्हती. पण तो लाल पाय मी विसरले नाही.

पुढं महाडला आमच्या माणसांनी तळ्याचं पाणी प्यायलं. आमच्या वाडीतले दोघे तिथं जाऊन आले. वाडी एकत्र बसली. ठरलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही, खायचं नाही. त्यानंतर काही वर्षांनी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. नवरा मुंबईला गिरणीत. पोर महिन्याभराचं.

खोताच्या गोठ्यात म्हैस मेली. त्याच दिवशी त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आलेले. ओटीवर पाहुणे, भाऊबंद, पोह्यांच्या बश्या आणि मागून वास. खोतानं ढोर ओढायला बोलावणं पाठवलं. कोणी गेलं नाही. पुन्हा पाठवलं. मी चुलत्याला म्हटलं, "काका, चल."

"ढोर ओढायला?"

"नाय. बोलायला."

पाहुणे आहेत हे मला ठाऊक होतं. म्हणूनच गेले. पोर आईकडं दिलं आणि गेले. अंगणाच्या कडेला थांबले नाही. मधोमध जाऊन उभी राहिले.

"दोरी कुठाय?" खोत म्हणाला.

"ढोर नाय ओढणार."

तो पाहुण्यांकडं बघून हसला. "ऐका! हिचा बाप ढोर खाऊन हगवणीनं मेला. सरकारात लिहिलंय तसं. आणि बाईसाहेब आता सोवळ्या झाल्या!"

पाहुणे हसले. मी त्यांना हसू दिलं. मग बोलले.

"माझा बा मानमोडीनं मेला. तुमच्या बापाची तिरडी त्यानं खांद्यावर नेली. तितनं ताप घेऊन आला. पुढं तुम्ही मडकं धरून, मागं चार महार."

"खोटं!" खोत ओरडला. "रांडेचे, खोटं बोलतेस!"

चुलता तोपर्यंत खाली बघत होता. खाली बघतच म्हणाला, "मी होतो त्यात. वहाळात माझा पाय घसरला. तुम्हीच माझा दंड धरलात, धनी."

 मग भाऊबंदांतल्या थोरल्यानं हातातली बशी खाली ठेवली आणि उठला. पायरी उतरताना अंग चोरून गेला, खोताचा पंचा लागू नये म्हणून. आमच्याजवळून जाताना ते लोक अंग चोरत, तसा. पाहुण्यांनी गाडी जुंपायला सांगितली.

दाराआड खोताची मुलगी उभी होती, नवं लुगडं नेसून. तिनं माझ्याकडं बघितलं. तिचं काय चुकलं होतं? काही नाही. माझ्या आईचं काय चुकलं होतं?

म्हैस शेवटी खोतानं आणि त्याच्या मुलानं दोरी बांधून ओढली. भर दुपारी, सगळ्या गावासमोर. खोत दोनदा ओकला. मी गडग्यावर बसून पोराला पाजत बघत होते. पोर झोपलं तरी उठले नाही.

भाऊबंदांनी त्याला वाळीत टाकलं. त्यानं प्रायश्चित्त घेतलं, तरी त्याच्या पंक्तीला कोणी बसेना. आमचं खाचर त्यानं लगेच काढून घेतलं. त्या पावसाळ्यात आम्ही कंद उकडून खाल्ले. मग त्याचा माणूस आला. "अंगणात येऊन चारचौघांत सांग, खोटं बोलले म्हणून. खाचर परत देतो."

मी आईकडं बघितलं. ती कंद सोलत राहिली.

मी त्या माणसाला म्हटलं, "येते म्हणावं. सगळे भाऊबंद जमव. कचेरीतल्या कारकुनालाही बोलव. आधी बोलले तेच पुन्हा बोलते, आणखी मोठ्यानं."

पुन्हा बोलावणं आलं नाही. खाचरही आलं नाही.

सरकारच्या कागदात माझा बाप अजून हगवणीनंच मेलेला आहे. इलाख्यात मानमोडीनं किती मेले, त्या बेरजेत तो नाही, आमची वाडी नाही. अशा किती वाड्या नसतील. ती बेरीज खोटी आहे. तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना मी शहाणं म्हणत नाही.

खोत मेला तेव्हा आमच्या वाडीतून सरणाला लाकडाची ढलपीसुद्धा गेली नाही. वाडीच्या तोंडाशी मीच वाट अडवून बसले होते. आता लोक मला सांगतात, म्हातारे, झालं गेलं सोड, त्याची नातवंडं चांगली आहेत. असतील. त्यांचा आजा काय होता, ते मी त्यांना तोंडावर सांगितलंय. ती म्हातारी झाली तरी सांगेन. मी माफ केलेलं नाही. करणार नाही.