डोक्यावरून कान

कारखान्यात नोकरी लागली म्हणून वडील आम्हाला साताऱ्याकडून पिंपरीला घेऊन आले, तेव्हा इथं आईला ओळखणारं कोणी नव्हतं. एक मीच. वडील शिफ्टला गेले की ती दिवसभर माझ्याशी बोलायची. भाजीत मीठ बरोबर पडलंय का, तेही मलाच चाखून सांगावं लागायचं. तेव्हा मी शाळेत जाऊन चालणारच नाही, अशी माझी खात्री.

शाळेत घालायची परीक्षा एकच होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायचा. आला हातात की पोर शाळेजोगं झालं. माझा हात पोचतोय हे न्हाऊ घालताना आईच्याच ध्यानात आलं. म्हणाली, "सांगू नगस कुणाला." मी नाही सांगितलं. वडील कान धरायला लावायचे तेव्हा कोपर आखडून असा कण्हायचो, की त्यांनाच दया यायची.

एका रविवारी एक टोपीवाले पाहुणे आले. पोहे खाता खाता मला म्हणाले, "काय राव, कान हाताला लागत नाही म्हणे? आमचा धाकटा पकडतो. तुझ्याहून बुटका आहे."

मी आईकडे पाहिलं. ती हसत होती. "त्येला येतंय की. दाव रं त्यास्नी."

आईनं एवढ्या कौतुकानं सांगितल्यावर काय! मी कान नुसता पकडला नाही, पिळूनही दाखवला.

"उद्यापासून पाठवा," पाहुणे म्हणाले. ते शाळेतले गुरुजी होते. आणि त्यांना बोलावलं होतं आईनंच.

सोमवारी मी तिला अंगाला हात लावू दिला नाही. चड्डीची नाडी रोज ती बांधायची. ती मी जन्मात पहिल्यांदा स्वतः बांधली, रागारागानं, गाठीवर गाठ. मधल्या सुट्टीत गाठ सुटेना. गुरुजींनी चाकू आणेपर्यंत माझा सगळा ताठा पायावरून ओघळून गेला होता.

घरी आईनं चड्डीत नवी नाडी ओवली. नाडी माझ्याच हातात देऊन सुरगाठ शिकवली. "ह्ये टोक वढलं की सुटती. आता मी न्हाई लागत."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम निरगाठ मारली आणि तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. तिनं पाहिलं. मग भाजीची वाटी घेऊन, मीठ बघायला, शेजारणीकडे गेली.