खंडेनवमीला फिरलेलं चाक

देवाला मी मानतो, पण इंजिन उघडल्यावर मला मध्ये कोणी लुडबुडलेलं चालत नाही, देवही नाही. जहाजांवर इंजिनीअर म्हणून वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाची घमेंड म्हणा हवं तर. सिंगापूरला बंदरावरच्या नोकरीत स्थिरावल्यावर मी एक जुनी गाडी घेतली आणि जिवापाड जपली. यंदा नवरात्रात तिच्या पोटातून ठकठक ऐकू येऊ लागली. जोर लावला की आवाज वाढायचा आणि माझा जीव खालीवर व्हायचा. दसऱ्याला याच गाडीने आम्हाला क्वालालंपूरला जायचं होतं. तिथे राहणाऱ्या बायकोच्या भावाच्या, म्हणजे लेकीच्या मामाच्या हातून तिचं उष्टावण ठरलं होतं. भर महामार्गावर इंजिन फुटलं, पाठीमागून लॉरी आली, आणि मागच्या सीटवर बायको आणि तान्हं बाळ! त्यापुढचा विचार मी करतच नव्हतो.

एका तमिळ गॅरेजवाल्याकडे गाडी लिफ्टवर चढवून मी खालून इंजिन उघडलं. पिस्टनचा दांडा क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टला जिथे धरतो, तिथलं एक बेअरिंग पार झिजलं होतं. शाफ्टचा तो गोल भाग मायक्रोमीटरने मोजला, तर माप चोख आलं. मी खूश झालो. उद्या नवं बेअरिंग बसवायचं, बोल्ट आवळायचे, काम फत्ते.

उद्या खंडेनवमी होती हे मात्र मी विसरलो होतो. सकाळी पाहतो तो बायकोने माझी सगळी हत्यारं देवघरापुढे मांडून हळदकुंकू वाहिलेलं.

"आज त्यांना हात लावायचा नाहीस हं," ती म्हणाली.

"अगं, उद्या निघायचंय!"

"मग नाही निघायचं. पण आज नाही."

मी तणतणत क्वीन्सटाउनच्या आमच्या घरून गॅरेज गाठलं. गॅरेजवाल्याचीच हत्यारं मागून घेऊ, बायकोला कळतंय कशाला! पण तिथेही त्यांची आयुधपूजा. मोठ्या पान्यापासून स्क्रू ड्रायव्हरपर्यंत सगळं देवीच्या तसबिरीपुढे गंध लावून मांडलेलं. "ब्रदर, टुडे कॅन्नॉट," तो हसून म्हणाला. मी मनातल्या मनात देवीशीच भांडलो. आई, पोरीचं उष्टावण आहे, आणि तूच आडवी येतेस?

मग गाड्यांची पूजा सुरू झाली. चाकांखाली लिंबं ठेवून एकेक गाडी त्यांवरून पुढे घ्यायची. माझी गाडी लिफ्टवर लटकलेली, तिला लिंबू कुठून चिरडता येणार? पूजेला आलेले एक अनोळखी म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "व्हील मस्ट टर्न लाह, लिटल बिट ओन्ली." आणि पांढऱ्याशुभ्र वेष्टीला, त्यांच्या तमिळ धोतराला, ग्रीस लागेल याची पर्वा न करता त्यांनी एक चाक धरलं. नाइलाजाने मी दुसरं धरलं. गाडी गिअरमध्येच होती. आम्ही दोन्ही चाकं पुढे ढकलली, तसा आत क्रँकशाफ्टही फिरला.

सवयीने मी मोबाइलचा उजेड वर टाकला. शाफ्टची जी बाजू काल आत, वर दडलेली होती, ती आता खाली आली होती. तिच्यावर काळे चरे दिसले. मी नख फिरवलं. नख अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच अडकलं. काल मी फक्त आडवं माप घेतलं होतं. जहाजावर इंजिन पूर्ण फिरवून, आडवंउभं दोन्ही मोजल्याशिवाय मी कुणाला हलू देत नसे. इथे मात्र एवढंसं इंजिन म्हणून फिरवलंच नाही. शाफ्ट गोल उरलाच नव्हता. नवं बेअरिंग त्यावर अर्ध्या वाटेतच चुरगाळलं असतं, आणि दांडा इंजिन फोडून बाहेर आला असता.

भानावर येऊन वळलो तोवर ते गृहस्थ प्रसाद घेऊन निघून गेले होते. त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

शाफ्ट पुढे मशीनवर घासून गोल करून घेतला, जाड बेअरिंग घातलं. आता गाडी कुरकुरत नाही. हा चमत्कार होता का, हे मला सांगता येणार नाही. माझ्या हातात त्या दिवशी एक जरी पाना असता, तर मी चाकाला हात लावला नसता, एवढं मात्र नक्की. आईने माझ्याकडून काही घेतलं नाही, फक्त हात रिकामे करवले. शरण जाणं म्हणतात ते बहुधा हेच असावं, आणि तेही मी रडतखडतच केलं.

दसऱ्याला आम्ही बसने गेलो. मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली, तशी लेकीने तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा आ वासला. सगळे हसले. मला हसता येईना. मी तिला घट्ट उराशी धरून रडत राहिलो.