सरकारी पत्रे आणि पांढरं कार्ड

पॉलिटेक्निकच्या मैत्रिणींनो, आज मावला गावात, आपल्या राज्यात गरिबांना स्वस्त तांदूळ देणाऱ्या पांढऱ्या रेशन कार्डांची तपासणी केली. घराचं छप्पर पक्कं असेल तर कार्ड रद्द, असा नियम.

भाजी विकून एकटीनं घर चालवणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या घरावर सिमेंटचे पत्रे होते. मी फॉर्मवर 'पक्कं' लिहिलं.

"पोरी, हे पत्रे सरकारनंच देल्ले. मापं घ्याले तूच आली होती. आता त्याच्याच पायी तांदूळ काऊन बंद करून राह्यली? पत्रे शिजवून खाऊ का?"

मापं माझीच होती; पत्र्यांच्या योजनेसाठी हे छप्पर मीच मोजलं होतं. मी 'पक्कं'पुढे 'सरकारी योजनेतून' असं जोडलं, कार्ड कायम ठेवण्याची शिफारस लिहिली आणि सही केली.

साहेब उद्या शिफारशीचं कारण विचारतील. मी पत्र्यांच्या मोजमापाची वही दाखवीन.

मदत मिळाली म्हणून माणूस सधन धरायचा का? तुम्ही काय लिहिलं असतं?