पाठमोरा

मनवेलपाड्यातल्या एका हॉलमध्ये माझ्या नाटकाच्या तालमी चालायच्या. अर्नाळ्याहून सुकी मासळी विकायला येणारी एक बाई दुपारी टोपली दाराबाहेर ठेवून आत टेकायची. पदराने वारा घेत तालीम बघायची आणि काही न बोलता निघून जायची.

नाटकातला मुलगा आतून खचलेला आहे. "मी मजेत आहे," असं तो आईला हसत सांगतो, पण तिच्याकडे पाठ करून. आईला त्याचं हसणं तेवढं ऐकू येतं. प्रेक्षकांना त्याचा चेहरा दिसतो. ही जागा सुचली म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

एका दुपारी तो प्रवेश संपला आणि ती पहिल्यांदाच बोलली.

"त्याला पाठमोरा कशाला उभा केला, दादा?"

"चेहरा प्रेक्षकांना दिसावा म्हणून."

"आनि आईला कधी कळनार?"

"नाही कळत. तेच तर नाटक आहे."

ती रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिली. "माझा पोरगा पन असाच हसायचा, शेवटपर्यंत. आमच्या घरात समोर कोन बसलेला नव्हता."

टोपली उचलून ती गेली, ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला आईकडे तोंड करायला लावलं. आई झालेल्या नटीने त्याला आपसूक जवळ घेतलं आणि पुढे नाटकच उरलं नाही. मी त्याला पुन्हा पाठमोरा केला.

प्रयोगाला नेमके तिथेच लोक रडले. मी विंगेत उभा होतो. मला कळेना, त्या मुलाला मी उघड केलं होतं की त्याच्या आईपासून लपवलं होतं.